तीन बॉयलर, एक हेडर

आमच्या तेल मिलमध्ये तीन बॉयलर आहेत: सहा टनी, तीन टनी आणि दीड टनी, म्हणजे तासाला तेवढे टन वाफ देणारे. पहिले दोन पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या झाडांच्या) ब्रिकेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या ठोकळ्यांवर चालतात, तिसरा डिझेलवर. तिघांचा एकत्र विचार करून कोणी ते घेतलेले नाहीत. मिल सुरू झाली तेव्हा तीन टनी आला. सॉल्व्हंट प्लान्ट (पेंडीत उरलेलं तेल द्रावकानं काढणारा) उभा राहिला तसा सहा टनी आला. दीड टनी शेठनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात स्वस्तात उचलला, 'असू द्या अडीअडचणीला' म्हणून. पारोळा-एरंडोल पट्ट्यातल्या आणि तिकडे धुळ्यापर्यंतच्या बऱ्याच मिलांची बॉयलर हाउसं अशीच टप्प्याटप्प्यानं वाढली आहेत. जागा मिळेल तिथे बॉयलर बसतो, त्याची वाफ जवळच्या नळाला जोडली जाते आणि मग सगळे मिळून एकाच हेडरवर, म्हणजे सगळ्यांची वाफ जिथे एकत्र येते त्या जाड नळावर, भांडत बसतात.

आमच्याकडे या भांडणाचा निकाल दर महिन्याला डिझेलच्या बिलात लागायचा. अडीअडचणीचा बॉयलर रोजचा झाला होता. हिशेब साधा होता. एक लिटर डिझेलमध्ये साधारण बारा किलो वाफ निघते, म्हणजे टनभर वाफेला ऐंशी-पंच्याऐंशी लिटर. ब्रिकेट नीट जळली तर किलोला साडेचार किलोच्या आसपास वाफ देते, म्हणजे टनाला सव्वादोनशे किलो. आजच्या भावानं डिझेलची वाफ ब्रिकेटच्या वाफेच्या पाचपट महाग पडते. तरीही सरकीचा सीझन जोरात असताना, सहा टनी आणि तीन टनी दोघंही पेटलेले असताना, दीड टनीचा बर्नर दिवसभर धडधडत असायचा. शेठनी मला बोलावलं आणि एवढंच विचारलं की नऊ टनांचे बॉयलर असताना साडेसहा टन वाफ का पुरत नाही.

आमचे सर्वांत जुने अटेंडंट नाना. अमळनेर तालुक्यातल्या एका गावचे, फर्स्ट क्लासचं सर्टिफिकेट असलेले, घरी अजून शेती करणारे. मी त्यांच्याकडे गेलो तर ते हेडरखाली खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "भाऊ, धाकला बठ्ठा भार ओढी ऱ्हायना, नि मोठा नुस्ता उभा शे." म्हणजे धाकटा सगळा भार ओढतोय आणि मोठा नुसता उभा आहे. बैलजोडीत एक उंच आणि एक ठेंगणा आला की जूचं कसं होतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. पुढच्या सगळ्या कामाला दिशा त्या एका वाक्यानं दिली. प्रश्न नुसता टनांचा नव्हता, कोण ओढतं आणि कोण उभा राहतो याचा होता.

तरी सुरुवात टनांपासूनच करावी लागली. बॉयलरच्या पाटीवर जे टन लिहिलेले असतात ते १०० अंशाच्या पाण्यापासून १०० अंशाचीच वाफ करायची, या हिशेबानं. किलोमागे ५४० किलोकॅलरी धरून. प्रत्यक्षात आपण साडेआठ-दहा किलो प्रेशरची (चौरस सेंटिमीटरला) वाफ करतो, तिला शून्य अंशाच्या पाण्यापासून ६६०च्या वर उष्णता लागते, आणि फीड टाकीतलं, म्हणजे बॉयलरमध्ये सोडायचं पाणी १०० अंशाला नसतंच. आमच्या टाकीचं पाणी तेव्हा ४५ अंशाला होतं. म्हणजे किलोमागे ६१५-६२० किलोकॅलरी घालावी लागत होती आणि सहा टनीचे सव्वापाच टनच होत होते. तीन टनीचे जेमतेम दोन टन सहाशे किलो. शेठच्या डोक्यातले नऊ टन इथेच आठाच्या खाली आले. ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

मग वाफ जाते कुठे, हे शोधायला घेतलं. स्टीम फ्लो मीटर तिन्ही बॉयलरना बसवायचे तर लाखांचं काम. त्याऐवजी प्रत्येकाच्या फीड लाइनला पाण्याचा मीटर बसवला. आत जितकं पाणी गेलं त्यातून ब्लोडाउन (गाळ काढायला बॉयलरमधून सोडलेलं पाणी) वजा केलं की वाफ निघते. यात एक पथ्य आहे: पंप चालू-बंद होत असतो, त्यामुळे गेज ग्लासमधली (बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेतली) पातळी आधीच्याच खुणेवर आली की मगच मीटर वाचायचा, नाहीतर आकडे वेडेवाकडे येतात. आणि त्या तासात ब्लोडाउन करायचं नाही. अटेंडंटनी आधी कुरकुर केली, मग त्यांनाच नाद लागला. कोणाच्या पाळीत ब्रिकेट किती जळली आणि पाणी किती गेलं याची पैज लागायला लागली.

रजिस्टर भरत गेलं तसं चित्र दिसलं. सॉल्व्हंट प्लान्ट शांत गिऱ्हाईक, दिवसरात्र अडीच टनांच्या आसपास, कमी नाही जास्त नाही. सरकीचे कुकर सकाळी थंड असताना एकदम ओढायचे, तासाभरानं निवायचे. खरा उपद्व्यापी रिफायनरीचा डिओडोरायझर. तेलाचा वास काढायला ते २३०-२४० अंशापर्यंत तापवून जवळजवळ निर्वात ठेवावं लागतं, आणि ते व्हॅक्यूम वाफेच्या जेटनी धरलेलं असतं. बॅच सुरू करताना आतली हवा उपसायला वेगळा मोठा जेट लागतो. त्या अर्ध्या तासात भार एकदम टनाहून जास्त उडी मारायचा. जेट असा प्राणी आहे की त्याला ठरलेल्या प्रेशरची वाफ मिळाली नाही तर तो थोडं कमी काम करत नाही, सरळ व्हॅक्यूम सोडून देतो. मग तेलाचा रंग बिघडतो, बॅच लांबते, रिफायनरीवाले बॉयलर हाउसला फोन करतात आणि अटेंडंट घाबरून डिझेलचं बटण दाबतो. असं वर्षानुवर्षं चाललेलं.

या टप्प्यावर एका ऑटोमेशनवाल्यांना बोलावलं होतं. त्यांनी सुंदर स्क्रीन दाखवली. तिन्ही बॉयलर एकाच टक्क्यावर चालणार, भार वाढला की तिघांची आग सारखी वाढणार. चार सारखे गॅसचे बॉयलर असते तर मी हो म्हटलं असतं. थंड देशांत इमारती तापवणारे कंडेन्सिंग बॉयलर असेच मंद आगीवर एकत्र चालवतात आणि तिथे ते बरोबरच आहे, कारण मंद आगीत धुरातली वाफ जास्त थिजते आणि तिची उष्णता परत मिळते. आपल्याकडे उलट. ब्रिकेटची आग मंद केली की जाळीवर भोकं पडतात, तिथून नुसती हवा आत येते, आणि आपण पैसे मोजून हवा तापवून चिमणीतून सोडतो.

ते मोजूनही पाहिलं. धुरातला ऑक्सिजन मोजणारं हातातलं यंत्र भाड्यानं आणलं. तीन टनी मंद चालत असताना ऑक्सिजन १४ टक्के. हवेत २१ असतो, त्यावरून जादा हवा काढायची तर १४ भागिले ७, म्हणजे गरजेच्या वर दुप्पट हवा आणखी. हाच बॉयलर भरल्या आगीवर नेला तर ८ टक्क्यांवर आला, म्हणजे जादा हवा साठ टक्क्यांच्या थोडी वर. लाकूडफाट्याच्या जळणाला ते ठीक आहे. शिवाय बॉयलरच्या अंगातून जी उष्णता बाहेर जाते ती आग मोठी असो की लहान, तेवढीच जाते. पूर्ण भारावर ती दोन टक्के असेल तर एक तृतीयांश भारावर सहा टक्के होते. दोन बॉयलर अर्धे अर्धे चालवणं म्हणजे हा दंड दोनदा भरणं.

आता मोठा उभा का राहतो, हा प्रश्न. तिन्ही बॉयलरचं प्रेशर साडेआठ किलोवर लावलेलं होतं. डिझेलचा बर्नर मिनिटात तापतो, ब्रिकेटची आग यायला दहा-पंधरा मिनिटं घेते, त्यामुळे डिझेल पुढे धावणार हे कळत होतं. पण सहा टनी तीन टनीपेक्षाही सुस्त का? त्याला तर व्हीएफडीवरचे (वेग कमीजास्त होणारे) पंखे, ब्रिकेट ढकलणारा पुशर, सगळं होतं. उत्तर प्रेशरच्या नळीत सापडलं. सहा टनीचा ट्रान्समीटर (प्रेशर मोजून पॅनलला कळवणारा) पाहायला सोयीचा म्हणून ड्रमवरून, म्हणजे बॉयलरच्या मुख्य भांड्यावरून खाली, तीन मीटरवर पॅनलशेजारी आणून बसवला होता. त्या बारीक नळीत पाणी भरून राहतं. दहा मीटर पाण्याचा एक किलो होतो, तीन मीटरचा तीनशे ग्रॅम. म्हणजे ड्रममध्ये आठ पॉइंट दोन असतानाच पॅनलवर साडेआठ दिसायचं आणि तो 'झालं माझं' म्हणून आग कमी करायचा. दुसरीकडे तीन टनी हेडरपासून लांब, बारीक नळावर. वाफ जोरात निघाली की वाटेतच तीन-चारशे ग्रॅम प्रेशर जायचं. तीन घड्याळं तीन वेळा दाखवत असताना सगळ्यांना साडेआठ वाजता यायला सांगितलेलं होतं.

उपाय स्वस्त निघाला. तिघांनीही आपापल्या ड्रमकडे न बघता एकाच जागी, हेडरवरच्या एका ट्रान्समीटरकडे बघायचं. ड्रमचे गेज सुरक्षिततेसाठी राहतील, आगीचा निर्णय हेडरवरून.

दुसरी भानगड नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची, म्हणजे वाफ उलटी येऊ न देणाऱ्या एनआरव्हीची. सीझन थंडावला की रात्री तीन टनी बंद असायचा आणि सकाळी त्याचा ग्लास पूर्ण भरलेला दिसायचा. पंप बंद, फीड व्हॉल्व्ह बंद, मग पाणी आलं कुठून? अंगाला हात लावला तर कोमट. एनआरव्हीची डिस्क झिजलेली होती आणि मेन स्टीम व्हॉल्व्हही बसत नव्हता. सहा टनीची वाफ रात्रभर हेडरमधून उलटी तीन टनीत जाऊन थिजत होती. आम्ही ब्रिकेट जाळून एका बंद बॉयलरला रात्रभर शेकत होतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे सकाळी त्या भरलेल्या बॉयलरचा व्हॉल्व्ह कोणी झटक्यानं उघडला असता तर पाणी नळातून आदळत गेलं असतं. वाफेच्या नळात पाण्याचा तो हातोडा ज्यानं एकदा ऐकलाय तो व्हॉल्व्हच्या चाकाला जन्मभर हळू हात लावतो. दोन्ही व्हॉल्व्ह बदलले. हेडरमध्ये थोडा बदल करायचा होता, त्यासाठी बाष्पके संचालनालयाकडे नकाशा पाठवून मंजुरी घेतली, नळ आणि व्हॉल्व्ह आयबीआर (भारतीय बॉयलर नियम) प्रमाणपत्राचे, वेल्डरही प्रमाणपत्रवाला. त्यात वेळ जातो, जाऊ द्यावा.

त्याच वेळी हेडरवर वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह घातला. सहा टनीचं डिझाइन १७.५ किलोचं आहे, बाकी दोघांचं आणि प्लान्टचं १०.५४. (हा १०.५४ आकडा नव्या पोरांना फार विचित्र वाटतो. जुन्या हिशेबातले दीडशे पौंड आहेत ते, आणि १७.५ म्हणजे अडीचशे.) एका हेडरवर बसायचं तर मर्यादा अशक्ताचीच पाळावी लागते, आणि तो व्हॉल्व्ह सहा टनीची सगळी वाफ बाहेर सोडू शकेल एवढा मोठा असावा लागतो.

मग मुख्य ठरवाठरवी: स्थिर कोणी चालायचं आणि वरखाली कोणी व्हायचं. जिथे विचारलं तिथे उत्तर एकच. मोठा एका जागी भरून ठेवा आणि भाराचे चढउतार लहानाला घेऊ द्या. ऐकायला पटतं. मी रजिस्टर घेऊन आकडे मांडले. सीझनमध्ये दिवसाचा भार ५.४ ते ६.८ टनांत हलतो. फीडचं पाणी तापवल्यावर सहा टनी साडेपाच देईल आणि तीन टनी पावणेतीन, असं धरलं. मोठा ५ टनांवर स्थिर ठेवला तर लहानाला ०.४ ते १.८ टनांत नाचावं लागतं, म्हणजे त्याच्या ताकदीच्या १५ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत. हातानं भर घालायच्या बॉयलरला हे जमणारच नाही, तो अर्धा दिवस हवाच तापवत बसेल. उलट लहान २.३ टनांवर भरून ठेवला तर मोठ्याच्या वाट्याला ३.१ ते ४.५ येतात, म्हणजे ५६ ते ८२ टक्के. चढउतार तेवढाच, एक टन चारशे किलो. लहानासाठी तो डोंगर आहे, मोठ्यासाठी उंचवटा.

नानांना हे दाखवलं तर त्यांनी आकडे बाजूला सारले आणि त्यांच्या बाजूनं तेच सांगितलं. तीन टनीला दार उघडून फावड्यानं भर घालावी लागते. प्रत्येक वेळी दार उघडलं की थंड हवा आत. भार बदलत राहिला तर माणूस कधी ढीग टाकतो, कधी विसरतो. आग एका जागी ठेवायची असेल तर ठरलेल्या वेळानं ठरलेल्या ब्रिकेट, थोड्या थोड्या आणि वरचेवर, जाळीवर सारख्या पसरून. हे माणसाला जमतं. वरखाली व्हायचं काम पंखे आणि पुशर असलेल्या मशीनला द्या. म्हणून तीन टनी हातानं स्थिर, सहा टनी हेडरच्या प्रेशरवर आपोआप. छोटा पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा नियंत्रक) पुरला. स्क्रीन नाही, तीन दिवे आणि एक आकडा.

डिझेलला शिस्त लावली ती अशी. हेडर ७.२ किलोच्या खाली गेलं आणि दोन मिनिटं तिथेच राहिलं तरच बर्नर लागेल. ८.६ला बंद होईल आणि लागला की काही वेळ लागलेलाच राहील. या शेवटच्या अटीचं कारण असं की प्रत्येक वेळी पेटण्याआधी बर्नर पंख्यानं भट्टी धुऊन काढतो, आतला गॅस जावा म्हणून. ते हवंच, त्यात तडजोड नाही. पण तापलेल्या बॉयलरमधून थंड हवा फुंकणं म्हणजे उष्णता बाहेर टाकणं, आणि दर पाच मिनिटांनी लागणारा-विझणारा बर्नर दिवसभर हेच करतो. थंड बॉयलर ऐन वेळी कामाचा नाही म्हणून हेडरच्या वाफेची एक बारीक कॉइल त्याच्या पाण्यात सोडली आहे. तो कायम गरम असतो.

यानंतर वाटलं तेवढा फरक पडला नाही. डिझेल कमी झालं, बंद झालं नाही. कारण डिओडोरायझरची उडी तिथेच होती. आणि इथे मला वाटतं बॉयलरवाले एक चूक सगळीकडे करतात: भार हा पावसासारखा वरून पडतो असं धरून चालतात. भार कोणीतरी माणूस व्हॉल्व्ह उघडून घालत असतो. रिफायनरीचे सुपरवायझर भले माणूस, पण त्यांच्या लेखी वाफ ही भिंतीतून येणारी वस्तू. त्यांना रजिस्टर दाखवलं. सकाळी आठला कुकर सुरू होतात, त्याच वेळी त्यांची पहिली बॅच लागते आणि दुसऱ्या डिओडोरायझरचं व्हॅक्यूमही तेव्हाच धरायला घेतात, कारण पाळी आठला बदलते. तीन उड्या एका घटकेत. ते म्हणाले, "दादा, तुम्ही वाफ द्या, आम्ही कधी घ्यायची ते आम्ही बघू." बोलणं तिथे थांबलं असतं. पण त्यांच्याच तुटलेल्या व्हॅक्यूमच्या वेळा माझ्या कागदावर होत्या आणि एकूण एक त्या घटकेतल्या होत्या. शेवटी ठरलं की पहिल्या डिओडोरायझरचं व्हॅक्यूम कुकरच्या तासभर आधी, रात्रपाळीनं धरायचं. दुसऱ्याचं, पहिली बॅच रांगेला लागल्यावर. आणि मोठा जेट उघडण्याआधी बॉयलर हाउसला बेल द्यायची. बेल वाजली की सहा टनीचा अटेंडंट आग आधीच वाढवून ठेवतो. ब्रिकेटला लागणारी ती दहा मिनिटं आम्हाला अशी मिळाली. पीएलसीला हे सुचत नाही, त्याला प्रेशर पडल्यावरच कळतं.

बेलेनं जे काम केलं ते लाखाच्या यंत्रानं केलं नसतं, हे माझं प्रामाणिक मत आहे.

उड्या बोथट झाल्यावर एक न मागितलेली गोष्ट मिळाली. एकच डिओडोरायझर चालू असेल त्या दिवशी भार ४.६ ते ५.३ टनांत राहायला लागला. हे सहा टनी एकटा ओढू शकतो. पूर्वी त्याच भाराला भीतीपोटी दोघे पेटलेले असायचे. आता तीन टनी सरळ थंड. म्हणजे एकत्र चालवायचे शिकायला गेलो आणि सीझनचा मोठा भाग एकच चालवू लागलो. अट एवढीच की फीडचं पाणी गरम पाहिजे, नाहीतर सहा टनीची ताकद पुन्हा सव्वापाचावर येते. कुकरचं आणि तेल तापवणाऱ्या कॉइलांचं कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) गटारात जात होतं. ते टाकीत आणलं, टाकीचं पाणी ४५वरून ऐंशीच्या घरात गेलं. पाणी सहा अंशांनी गरम आलं की जळण टक्काभर वाचतं असा ठोकताळा आहे. सॉल्व्हंट प्लान्टचं कंडेन्सेट मात्र घेत नाही. त्यात हेक्झेन (तेल काढायचं पेट घेणारं द्रावक) येण्याची शक्यता मनात असताना ते बॉयलर हाउसमध्ये आणायची माझी तयारी नाही, कितीही गरम असो.

दुसरा बॉयलर जोडण्याची रीत आता भिंतीवर लिहून लावली आहे. आधी नळातलं पाणी ड्रेननं काढायचं. येणाऱ्या बॉयलरचं प्रेशर हेडरपेक्षा अर्धा किलो कमी असताना मेन व्हॉल्व्ह केसभर उघडायचा, नळ तापू द्यायचा, मग हळूहळू पूर्ण. त्याची आग वाढत गेली की एनआरव्ही आपणच उचलला जातो आणि बॉयलर भारात शिरतो, कोणाला धक्का बसत नाही. याच्या उलट, येणाऱ्याचं प्रेशर जास्त असताना व्हॉल्व्ह भसकन उघडला तर त्याचं पाणी फुगतं, ग्लासमध्ये पातळी वर गेलेली दिसते, अटेंडंट पंप बंद करतो, आणि दोन मिनिटांनी कळतं की पाणी होतंच कुठे. ओली वाफ जेटांमध्ये जाते ते वेगळंच.

वीज जाणं हा आमच्या भागातला नेहमीचा पाहुणा. डिझेलचा बॉयलर वीज गेली की विझतो, विषय संपला. ब्रिकेटचा विझत नाही. पंखे थांबले तरी जाळीवरचा विस्तव वाफ करतच राहतो आणि फीड पंप मात्र बंद असतो. दोन बॉयलर भरल्या आगीवर असताना हे दुप्पट होतं. म्हणून जनरेटरवर पहिला हक्क फीड पंपाचा, दुसरा आयडी फॅनचा (धूर ओढणाऱ्या पंख्याचा), ऑफिसच्या एसीचा शेवटचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ला टेकतो तेव्हा या क्रमावर वाद होतात, पण तो बदललेला नाही.

जळणाबद्दल थोडं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी उपटली जाते, ब्रिकेटवाले शेतांतून गोळा करतात, तेव्हाचा माल कोरडा आणि टणक. पावसाळ्यात तोच माल फुगून भुसा होतो. ओल्या ब्रिकेटवर सहा टनी पाच टनसुद्धा देत नाही, मग वर मांडलेले सगळे आकडे बिघडतात आणि दुसरा बॉयलर पेटवावा लागतो. त्यामुळे बॉयलरच्या ताळमेळात शेडचं छप्पर हीसुद्धा एक यंत्रणाच आहे. रावेर-यावलकडच्या एका ओळखीच्यांनी केळीचे खांब जाळा, फुकट देतो, असं सुचवलं होतं. नानांनी एक तुकडा हातात पिळून दाखवला, "हाई जळतन शे का पानी?" नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं त्यात.

आजची स्थिती अशी. एक किलो ब्रिकेटला पूर्वी ३.७ किलोच्या आसपास वाफ निघायची, आता कोरड्या मालावर ४.४ला टेकते. यातलं फीडच्या पाण्याचं किती, भरल्या आगीचं किती आणि एक बॉयलर थंड ठेवल्याचं किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. डिझेल लागतं ते वीज जाऊन परत आल्यावर किंवा कुकरचा ट्रॅप (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणारा) फुटल्यासारख्या प्रसंगी. सीझनमध्ये रात्री कुकर आणि सॉल्व्हंट चालू असले तर सहा टनी, नुसती रिफायनरी असली तर तीन टनी आणि मोठ्याची आग दाबून ठेवलेली. सकाळी त्याच्यात तीन-साडेतीन किलो प्रेशर शिल्लक असतं, त्यामुळे आठच्या आत तो तयार होतो.

न सुटलेला भाग आहे तो जुलै-ऑगस्टचा. सरकी संपलेली असते, सॉल्व्हंट बंद, बाहेरून कच्चं तेल आणून फक्त रिफायनरी चालते. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या सुमाराला तर अर्धी मिल सुट्टीवर. तेव्हा भार टनभर, आणि त्याला सर्वांत लहान ब्रिकेटचा बॉयलर आमच्याकडे तीन टनी. तो पस्तीस-चाळीस टक्क्यांवर धुमसत राहतो, ऑक्सिजन पुन्हा तेराच्या पुढे जायचा. त्याच्या जाळीचा मागचा तिसरा हिस्सा विटांनी झाकून पाहिला, थोडा उपयोग झाला, आता धुरातला ऑक्सिजन अकराच्या आसपास राहतो. रिफायनरीच्या बॅचेस जोडून घ्यायच्या, म्हणजे चार दिवस जास्त भार आणि तीन दिवस बॉयलर थंड, असा एक प्रस्ताव मी दिला आहे. सुपरवायझरना तो पटलाय, विक्रीवाल्यांना नाही, कारण त्यांना रोज टँकर भरून हवा असतो. शेठ म्हणतात दीड टनी विकून टनभराचा ब्रिकेटचा घेऊ. मी म्हणतो घ्या, पण दीड टनी विकू नका. वीज गेली आणि परत आली की पाच मिनिटांत हेडर धरणारा तो एकटाच आहे. त्याची बोलणी अजून चालू आहेत, आणि विक्रीवाल्यांची टाकी मोठी करायची की बॉयलर लहान घ्यायचा याचे दोन्ही कोटेशन शेठच्या टेबलावर पडून आहेत.